हाडांचा दगड

१

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कल्याणात आमच्या ओसरीवर बसून उरलेल्या श्रीखंडाचा समाचार घेत होतो. घरातली बायकामंडळी दुर्गाडीच्या देवीला गेली होती. कचेरीला सुट्टी, घरात शांतता, पुढ्यात वाटी. असं सुख मला फार वेळ लाभत नाही, तेव्हाही लाभलं नाही. ठाण्याहून धाकू आला.

"पंत, मालकांनी आताच्या आता बोलावलंय. दगड चोरीला गेला."

"अरे, दगड चोरीला गेला म्हणून आगगाडीने माणूस पाठवतात का? पारसिकच्या डोंगरात हवे तेवढे पडलेत."

"तसला नाय पंत. छापायचा दगड. हाडांचा."

मी वाटी खाली ठेवली. धाकूचे मालक म्हणजे माझे मेहुणे त्र्यंबकराव. हे गृहस्थ आधी शाळेत मास्तर होते. मराठी मुलांना शास्त्रं शिकवायला मराठी पुस्तकं नाहीत, हे एके दिवशी त्यांच्या डोक्यात शिरलं, आणि नोकरी सोडून त्यांनी ठाण्यात घराच्या पुढच्या भागात शिळाछापखाना घातला. तिथे 'मूलतत्त्वमाला' निघू लागली. भूमितीची मूलतत्त्वे, रसायनाची मूलतत्त्वे, उष्णतेची, वनस्पतींची. एकेका शास्त्राचा पाया समजावून देणारी लहान लहान पुस्तकं. मी ती सगळी विकत घेतली आहेत आणि उष्णतेचं निम्मं वाचलंही आहे.

शिळाछापखान्यात शिशाचे खिळे जुळवत नाहीत. जर्मनीहून आलेल्या गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने मजकूर आणि चित्रं उतरवायची, आणि त्या दगडावरून कागद छापायचे. एक पान, एक दगड. यंदा शारीरशास्त्राचं पुस्तक चाललं होतं. मनुष्याच्या शरीरातली हाडं, रक्त, श्वास असं सगळं त्यात होतं. त्यातला सांगाड्यांच्या चित्राचा दगड नाहीसा झाला होता.

"घेतला कोणी?" मी पागोटं चढवत विचारलं.

धाकू खाली बघून म्हणाला, "मालक म्हणतात, ग्रेगरीने."

हे ऐकून मात्र श्रीखंड घशात राहिलं. ग्रेगरी त्या छापखान्याचा उजवा हात. त्याच्यावाचून त्र्यंबकरावांना एक कागद धड छापता येत नाही.

२

छापखान्यात पाऊल टाकलं तर त्र्यंबकराव डोक्यात राख घालून येरझारा घालत होते. उंच, किडकिडीत माणूस. दोन वर्षांपूर्वी त्यांचा एकुलता एक मुलगा वामन तापाने गेला, तेव्हापासून आणखीच वाळले होते. माझी बहीण लक्ष्मी म्हणजे त्यांची बायको. ती सणाला माहेरी, माझ्याकडे, कल्याणात होती. खंडेनवमीला दुपारी मीच येऊन तिला घेऊन गेलो होतो.

"प्रभाकरपंत, तुम्ही जन्मभर कचेरीत खोटं बोलणाऱ्यांच्या जबान्या लिहून घेतल्यात. या ग्रेगरीची घ्या. विचारलं तर तोंडात मिठाची गुळणी धरून उभा राहिला, आणि अंगावरचं फडकं काढून घरी निघून गेला. उद्या सकाळपर्यंत दगड आला नाही तर मी फौजदाराकडे जाणार."

"आधी बसा. दगड शेवटचा कधी पाहिलात?"

"अष्टमीला संध्याकाळी. इथे, यंत्राच्या ओट्यावरच होता. कच्चा छाप काढून पाहिला, तो बघा भिंतीवर. नवमीला यंत्राची पूजा झाली, दसऱ्याला मी उत्तरपूजा केली. आज कामाला सुरुवात करायची म्हणून दगड बघतो, तर मांडणीत नाही, कुठेच नाही. विहिरीतसुद्धा धाकूला उतरवला."

"काय सापडलं?"

"बादली," त्र्यंबकराव म्हणाले. "गेल्या शिमग्यात हरवलेली."

मी हसू दाबलं. "पण ग्रेगरीच कशावरून?"

"तुम्हीच सांगा, नवमीला नि दसऱ्याला आपल्यातला कोणी हत्याराला हात लावील? पूजेला बसवलेलं यंत्र, दगड, शाईचा रूळ, कोणी हलवील? आपल्याला ते जमायचं नाही. ग्रेगरी ख्रिस्ती. त्याला कसली आडकाठी? नवमीला सकाळी यंत्र धुवायला तोच आला होता. आणि गिरगावातल्या एका छापखान्याने त्याला बोलावणं धाडलंय, हे मला ठाऊक आहे. चित्राचा दगड घेऊन गेला की तिथे जागा पक्की."

बोलणं बिनतोड वाटत होतं. कचेरीत असं बिनतोड बोलणारे मी पुष्कळ पाहिलेत, आणि त्यातले बरेच चुकलेलेही पाहिलेत. मी आजूबाजूला बघितलं. यंत्र जिथल्या तिथे होतं, ओट्यावर पूजेचा कोरा दगड, त्यावर हळदकुंकू, सुकलेले झेंडू. नवमीला मीही त्या दगडाला दोन्ही हात जोडले होते.

"हा दगड एकटा माणूस उचलील?" मी विचारलं.

"छे. दोघं लागतात."

"मग ग्रेगरीबरोबर दुसरा कोण होता?"

त्र्यंबकराव पुन्हा येरझारा घालू लागले.

३

कोपऱ्यात रघुनाथशास्त्री मांडी घालून बसले होते. पुस्तकाचा मजकूर सुंदर अक्षरात लिहून देणं हे त्यांचं काम. अक्षर मोत्याचं, जीभ तिखट.

"मी स्पष्टच सांगतो," शास्त्री म्हणाले. "नवरात्रात छापखान्यात सांगाडे काढून ठेवायचे म्हणजे काय? मी बोललो होतो. पण मी दगड घेतला म्हणाल तर मला पाण्याची घागर उचलत नाही, दगड कुठला उचलतोय. आणि तसंही ते चित्र चुकलेलंच आहे."

"चुकलेलं?"

त्यांनी मला भिंतीवरच्या कच्च्या छापापाशी नेलं. मोठ्या माणसाचा सांगाडा आणि शेजारी लहान मुलाचा. रेषा इतक्या निगुतीने काढलेल्या की दोघं श्वास धरून उभे असावेत. चित्र त्र्यंबकरावांनी स्वतः दगडावर काढलं होतं. शास्त्रींनी मुलाच्या गळ्याखाली बोट ठेवलं.

"हे डावीकडचं हाड बघा. मध्ये गाठ आलीय, वाकडं झालंय. विलायती पुस्तकात ते सरळ आहे, मी ताडून पाहिलंय. दोनदा म्हटलं, खरवडून सरळ करून देतो. तर माझ्या अंगावर आले."

तापट माणूस, दुसरं काय, असं म्हणून मी मागल्या पडवीत धाकूकडे गेलो. धाकू दिवा स्टेशनाजवळच्या एका आगरी गावचा. वापरून झालेले दगड वाळूने घासून कोरे करायचे, हे त्याचं काम. कोऱ्या दगडांचा ढीग त्याच्याच ताब्यात असतो.

"धाकू, खरं सांग. हाडांच्या चित्राला तू भीत होतास ना?"

"भीत व्हतो, पंत. जेवान जायचं नाय. पण म्हणून मी कशाला हात लावीन? मालकांची चीज."

"बरं, मग एवढंच सांग. पूजेला जो कोरा दगड ठेवला, तो या ढिगातला कुठला?"

"माझ्यातला नाय. अष्टमीला ओल्या वाळूवर रचलाय हा ढीग. वाळू बघा, जशीच्या तशी हाय. दगड काढला असता तर फुटली असती. तो ग्रेगरीने मांडणीतून घेतला असंल."

मी परत आत आलो आणि त्र्यंबकरावांना हेच विचारलं. ते म्हणाले, "मांडणीत कोरा दगड नसतोच. तिथे फक्त लिहिलेले. पूजेचा दगड ग्रेगरीने धाकूच्या ढिगातून आणला असणार. मला बरंच वाटलं, सांगाड्यावर फुलं वाहायला नकोत म्हणून त्याने बदलला."

एकजण म्हणतो मांडणीतला, दुसरा म्हणतो ढिगातला. मी ग्रेगरीच्या घराकडे निघालो.

४

मासुंदा तलावापलीकडे, देवळाच्या अंगाला ख्रिस्ती लोकांची घरं आहेत. देऊळ म्हणजे त्यांचं, क्रूसाचं. ग्रेगरी अंगणात जाळं दुरुस्त करत बसला होता. त्याची बायको उर्सुला दारात उभी राहिली, तिचे डोळे सुजलेले.

"बसा पंत," ग्रेगरी म्हणाला. हात थांबवला नाही.

"ग्रेगरी, माझ्यापाशी तरी बोल."

"मालकांनी 'दगड कुठे ठेवलास' विचारलं असतं तर त्यांना बाजूला घेऊन काय तरी सांगितलं असतं. त्यांनी विचारलं, 'कितीला विकलास.' शास्त्र्यासमोर, धाकूसमोर. त्याला माझ्याकडे जबाब नाय."

"उद्या ते फौजदाराकडे जातील."

"जाऊ द्या."

"जाऊ द्या काय?" उर्सुला मध्येच बोलली. "पंत, एकदा फौजदार दारात आला की गिरगावातसुद्धा याला कोणी उभा करणार नाय. चोराची पोरं म्हणतील माझ्या पोरांना. याला सांगा ना तुम्ही. मला पण सांगत नाय हा."

ग्रेगरीने जाळ्याचा पुढचा फास घेतला. मी हळूच विचारलं, "पूजेचा कोरा दगड कोणी ठेवला?"

"मी."

"आणलास कुठून?"

जाळ्यातली सुई थांबली. तो म्हणाला, "शब्द दिलाय मी एका माणसाला. तुम्ही विचारू नका, पंत."

तलावाच्या काठाने परत येताना मी माझ्या मनाशी मांडणी केली. कोरा दगड मांडणीतला नाही, कारण तिथे कोरे नसतात. ढिगातला नाही, कारण ढीग हललेला नाही. बाहेरून आणायला तो काही नारळ नव्हे. मग जो दगड कुठूनच आला नाही, तो आधीपासून तिथेच असला पाहिजे. हे दगड महाग म्हणून त्र्यंबकराव दोन्ही अंगांनी घासून घेतात, एकीकडे चित्र असलं तरी दुसरी बाजू कोरीच दिसते. चोरीला काही गेलंच नव्हतं. ज्याला आम्ही सगळ्यांनी नमस्कार केले, तो हाडांचाच दगड होता, पालथा घातलेला.

आणि तो पूजेच्या आधी पालथा झाला होता, कारण हळदकुंकू कोऱ्या अंगावर होतं. म्हणजे ग्रेगरीच्या जोडीचे दुसरे हात पूजा करणाऱ्याचेच असणार.

छापखान्यात पोचलो तेव्हा त्र्यंबकराव जेवायला आत गेले होते. मी ओट्यापाशी वाकलो. दगडाखालून कापडाची एक कड डोकावत होती. मऊ, जुनं, चौपदरी घडी घातलेलं लुगडं. दगड पळवणारा माणूस त्याच्याखाली लुगड्याची घडी पसरत नाही. आणि ते हिरवं लुगडं मी ओळखलं. एका भाऊबीजेला मीच ते ओवाळणीत घातलं होतं.

पूजा माझ्या बहिणीने केली होती.

मी त्र्यंबकरावांना निरोप ठेवला, 'दगड छापखान्याबाहेर गेलेला नाही. उद्या मी येईपर्यंत काही करू नका,' आणि कल्याणची गाडी धरली.

५

लक्ष्मी मागल्या दारी तांदूळ निवडत बसली होती. बायको घरात होती, तिला मी शेजारी धाडलं. लक्ष्मीला हे असं विचारायचं माझ्या जिवावर आलं होतं. वामन गेल्यापासून ती दोनचार शब्दांवर बोलत नसे.

"लक्ष्मी, छापखान्यातला दगड तू पालथा घातलास."

तिने सूप खाली ठेवलं. नाकारलं नाही. "ग्रेगरीने सांगितलं?"

"त्याने तोंड उघडलं नाही. म्हणूनच त्याच्यावर चोरीचा आळ आलाय. उद्या त्याला फौजदाराच्या ताब्यात देणार आहेत."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. "अरे देवा. मला वाटलं, दसरा झाला की तो नि धाकू दगड सरळ करतील, कुणाला कळणारही नाही. मीच त्याला म्हटलं होतं, ह्यांना सांगू नकोस. दादा, त्याचा काही दोष नाही रे."

"मग तू हे केलंस तरी का? सांगाड्याची भीती वाटली? अपशकुन वाटला?"

"भीती कसली?" लक्ष्मी म्हणाली. "मी पूजेचं ताट घेऊन गेले. बाकी वर्षभर मी छापखान्यात जात नाही, तुला ठाऊक आहे. कुंकवाचं बोट पुढे केलं आणि बघते तर वामन होता."

मला वाटलं, हिच्या डोक्यावर परिणाम झाला.

"असा बघू नकोस. तो झोपाळ्यावरून पडला होता ना, चार वर्षांचा असताना? हे, इथलं गळ्याखालचं हाड मोडलं होतं. वैद्याने बांधलं, पण जुळलं ते वाकडं. वर गाठ राहिली. दर शनिवारी त्याला तेल लावताना ती माझ्या बोटाला लागायची. दगडावर सगळं उलटं असतं म्हणतात, तरी मी ओळखलं. कुंकू कसं लावू दादा त्यावर? माझ्या हाताने?"

ती रडत नव्हती. मीच रडत होतो.

"ग्रेगरी रूळ पुसत होता. मी त्याला म्हटलं, हे पालथं कर. त्याने एकदा दगडाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. वामनला तो खांद्यावर घेऊन तलावावर न्यायचा. काही विचारलं नाही त्याने. मी म्हटलं थांब, आणि घरातून लुगडं आणलं. कठीण फळीवर कशी टाकू? मग आम्ही दोघांनी मिळून दगड फिरवला."

पदराने सूप झाकत ती उठली. "पहिली गाडी किती वाजता असते रे?"

६

सकाळी ठाण्याला उतरल्यावर लक्ष्मी घराकडे वळलीच नाही. ती आधी ग्रेगरीच्या अंगणात गेली. उर्सुला गडबडून पाट शोधू लागली, तर ही तशीच तुळशीएवढ्या त्यांच्या क्रूसापाशी उभी राहून म्हणाली, "ग्रेगरी, तू मला दिलेला शब्द मी मोडायला आलेय. चल."

छापखान्यात त्र्यंबकराव पागोटं घालून फौजदाराकडे निघण्याच्या तयारीत होते. निरोप ठेवला होता तरी हे असं. बायको, मेहुणा आणि ग्रेगरी असे तिघं एकत्र आलेले पाहून ते जागच्या जागी थांबले. नवऱ्याशी चारचौघांत बोलायची रीत नव्हती, म्हणून सगळं मीच सांगितलं. कोरा दगड, ढीग, वाळू, लुगडं, आणि शेवटी ते हाड.

ऐकता ऐकता त्र्यंबकराव स्टुलावर बसले.

"पुस्तकातलं हाड सरळच होतं," त्र्यंबकराव म्हणाले. "तीनदा खोडलं. सरळ काढायला हात वळेना. मला वाटलं, कुणाला कळतंय."

मग ते उठून ग्रेगरीपुढे गेले.

"मी तुला चोर म्हटलं."

"म्हटलंत."

"सगळ्यांसमोर म्हटलं. सगळ्यांसमोर परत घेतो. माझं चुकलं, ग्रेगरी. तुझ्या घरी येऊन उर्सुलाबाईंनाही सांगेन."

ग्रेगरीने मालकांकडे सरळ पाहिलं. "या," तो म्हणाला. "पोरं घरी असतील तेव्हा या. त्यांच्यासमोर सांगा." आणि खुंटीवरचं आपलं फडकं घेऊन त्याने कमरेला बांधलं.

दोघांनी मिळून दगड उचलला आणि सरळ केला. चित्राला धक्का लागला नव्हता. पालथा घालण्याआधी ग्रेगरीने त्यावर डिंकाचं पाणी फिरवून ठेवलं होतं. लहान सांगाडा ओट्यावर दिसू लागला. त्र्यंबकरावांनी तोंड फिरवलं.

"धाकू, हा दगड घासून टाक. मी नवीन काढतो. पुस्तकातल्यासारखा."

धाकू पुढे झाला. शास्त्रींनी मान डोलावली. लक्ष्मी भिंतीपाशी उभी होती, ती ओट्याजवळ आली आणि तिने दगडाच्या कडेवर हात ठेवला. धाकू मागे सरला. आणि मग तिने जे केलं ते मी आमच्या कुठल्याच घरात पाहिलं नव्हतं. शास्त्री, गडी, थोरला भाऊ, सगळ्यांच्या देखत ती सरळ नवऱ्याशी बोलली.

"घासू नका. हे पुस्तक कुठे जाणार आहे?"

"शाळांमध्ये," त्र्यंबकराव कसेबसे म्हणाले. "ठाणे, कल्याण, भिवंडी. घेतील तिथे सगळीकडे."

"मग जाऊ द्या त्याला," लक्ष्मी म्हणाली. "शाळेत घाला म्हणून किती मागे लागला होता तुमच्या."

त्र्यंबकरावांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. दोन वर्षांत या घरात त्या मुलाबद्दल कोणी बोललं नव्हतं, ते दोघं आता एकाच ओट्याशी उभं राहून बोलू लागले. तो पाटी कशी धरायचा, 'श' कसा काढायचा. शास्त्री, धाकू आणि मी बाहेर ओटीवर जाऊन बसलो. आत ग्रेगरी रुळाला शाई लावत होता.